जंबो कोळंबी: बीज एकाच दिवशी सोडलं, मग नर एवढे लहानमोठे कसे?

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. माणगावजवळ आमचं वीस गुंठ्यांचं तळं आहे. दोन वर्षं रोहू-कटला केला, गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदाच जंबो कोळंबीचं बीज सोडलं, ५,००० नग. जुलैत सोडलं आणि जानेवारीच्या सुरुवातीला पहिलं ओढजाळ मारलं. त्या दिवशी जे बघितलं त्यावर लिहायचंय, कारण त्यावरून मी एका माणसाला नाही नाही ते बोलून बसलो आणि मागाहून कळलं की त्याची चूक नव्हतीच.

जाळं बांधाला लागलं, माल ताडपत्रीवर ओतला. आधी नजरेत भरले ते पाच-सहा धूड. निळेशार डेंगे, अंगापेक्षा लांब, हात लावला तर काटे टोचतील असे. एकाला काट्यावर ठेवला, ९५ ग्रॅम भरला. मग अंगाने चांगले भरलेले, पण डेंगे नारिंगी असलेले. मग माद्या, सगळ्या जवळजवळ एका मापाच्या, काहींच्या पोटाखाली अंडी. आणि तळाशी नुसता चुरा. बोटाएवढे, सात-आठ ग्रॅमचे, आरपार दिसणारे, काडीसारखे डेंगे.

चुरा बघून माझं डोकंच फिरलं. ताडपत्रीवर उभ्याउभ्याच बीजवाल्याला फोन लावला आणि म्हटलं, मागच्या खेपेचं उरलंसुरलं माझ्या पिशव्यांत भरून दिलंत. तो बिचारा सांगत होता, दादा, एका टाकीतलं, एका दिवसाचं बीज आहे. मी ऐकलंच नाही.

जाळं ओढायला आलेले एक काका होते, साठीच्या पुढचे. मी फोन ठेवल्यावर त्यांनी चुऱ्यातला एक उचलला, उताणा केला आणि माझं बोट धरून त्याच्या पोटाच्या पहिल्या कड्यावर मधोमध टेकवलं. तिथे एक बारीक कडक गाठ लागली. "नर आहे हा," म्हणाले. दुसरा उचलला, गाठ. तिसरा, गाठ. मग ९५ ग्रॅमचा निळा घेतला, त्यालाही तीच गाठ. मादी घेतली, तिथे काही नाही. "सगळे भाऊ आहेत हे, एका आईचेसुद्धा असतील."

त्या रात्रीपासून वाचतोय, विचारतोय. तुमच्यापैकी कोणाच्या तळ्यात असं झालंय? आणि हा चुरा वाढतो का, की त्याची खुराकी फुकट?

खाडीपलीकडे

आमच्याकडेही हेच. पण तुम्ही बीजवाल्याला इतक्या लवकर सोडू नका. सगळे नर निघाले म्हणून बीज एका वयाचं ठरत नाही. दोन खेपांचे नर मिसळले तरी गाठ सगळ्यांनाच लागणार. मी स्वतः एकदा असं मिसळलेलं बीज घेतलेलं आहे.

मत्स्यविद्यार्थी

खाडीपलीकडे यांचा मुद्दा रास्त आहे, पण त्याची पारख तळ्यातच करता येते. माद्यांकडे बघा. बीज दोन वयांचं असतं तर माद्यांतही दोन मापं दिसली असती. तळ्याकाठी यांनी लिहिलंय की माद्या जवळजवळ सारख्या आहेत, फरक फक्त नरांत आहे. म्हणजे बीज एकच, आणि हा फरक तळ्यात पडलेला आहे.

मी मत्स्यशास्त्र शिकतो, गेलं वर्ष याच प्राण्यात गेलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

जंबो कोळंबीचं शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. वयात आलेल्या नराची हिच्यात ठळक तीन रूपं दिसतात. पहिला बुटका नर, ज्याला तुम्ही चुरा म्हणताय. दुसरा नारिंगी नांगीचा, तिसरा निळ्या नांगीचा. इस्रायलमध्ये १९८०च्या दशकात रानान आणि कोहेन यांनी यावर बारकाईने काम केलं, पुढे कार्प्लस आणि सागी यांनी. त्यातून नक्की झालेली गोष्ट अशी की या तीन जाती नाहीत, एकाच नराच्या आयुष्यातले तीन टप्पे आहेत. बुटक्याचा नारिंगी होतो आणि नारिंगीचा निळा. उलट प्रवास नाही. फक्त सगळे एका वेळी निघत नाहीत, आणि कोण कधी निघणार हे आजूबाजूला कोण आहे यावर ठरतं.

निळा हा मालक. त्याची हद्द असते, माद्या त्याच्याजवळ येतात, आणि मादी कात टाकून मऊ झाली की तिला तो नांग्यांच्या आत घेऊन राखतो. पण या मालकीची किंमत त्याला मोजावी लागते, त्याची वाढ जवळपास थांबते. कात क्वचित टाकतो. जुना निळा असेल तर पाठीवर शेवाळ चढलेलं दिसेल, बघा.

नारिंगी हा वाढणारा. खातो ते सगळं अंगाला लावतो. माद्यांच्या बाबतीत मागे, निळ्यासमोर दबून.

बुटका अंगाने वाढत नाही, पण त्याला नपुंसक समजू नका. निळा आपल्या मादीभोवती फिरत असताना, दुसऱ्या नराला हाकलत असताना, हा खालून शिरतो आणि काम उरकतो. लहान असण्याचा त्याला तिथे उपयोगच होतो. निळा त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही.

तळ्याकाठी

शेवाळ! हो, दोन निळ्यांच्या पाठीवर हिरवट बुरशीसारखं होतं. मला वाटलं रोग आहे, म्हणून ते बाजूला काढून ठेवले होते. तुमचे खूप आभार.

मग माझा पुढचा प्रश्न. नारिंगी निळा कधी होतो? वजन ठरलेलं आहे का? कारण माझ्याकडे ९५ ग्रॅमचा निळा होता, आणि ३५ ग्रॅमचाही एक निळाच होता.

मत्स्यविद्यार्थी

ठरलेलं वजन नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे.

नारिंगी नर आपल्या शेजारच्या सर्वात मोठ्या निळ्याला अंगाने मागे टाकेपर्यंत थांबतो. त्याच्याहून मोठा झाला की मग एका कातीत रूप बदलतो, नांग्या एकदम लांब आणि निळ्या होतात, आणि तो त्या भागातला नवा मालक होतो. आता त्याच्या मागे जो नारिंगी आहे त्याला या नव्या मालकापेक्षा मोठं व्हावं लागणार, म्हणून तो आणखी लांबवर वाढत राहतो. प्रत्येक नवा निळा आधीच्यापेक्षा मोठा. शास्त्रात याला बेडूकउडीची वाढ म्हणतात. आपल्याकडे पोरं एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारत पुढे जातात, तसंच.

तुमचा ३५ ग्रॅमवाला निळा बहुधा सुरुवातीचा मालक. त्याच्या वेळी तेवढंच पुरेसं होतं. पुढे तो तिथेच थांबला आणि बाकीचे त्याच्यावरून उडी मारून गेले.

वैनगंगेकाठचा

आम्ही भंडारा जिल्ह्यातले. आमच्या इकडे याला झिंगा म्हणतात, आणि तळी म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मोठे, तळात झाडांची खुंटं. ओढजाळ चालत नाही आणि पाणी उपसायचा प्रश्नच नाही. संस्थेच्या ठेक्यावर तलाव असतो, माशांसोबत झिंग्याचं बीज सोडतो आणि लावजाळ्याने काढतो.

धागा वाचून एक गोष्ट आज लक्षात आली. लावजाळ्यात आम्हाला सापडतात ते बहुतेक निळे, कारण त्यांच्या काटेरी लांब नांग्याच जाळ्यात गुंततात. आम्ही म्हणायचो, जाळं मोठ्यांनाच धरतं, बरं आहे. आणि आमचे जुने ढीवर सांगतात, नांगीवाले काढत राहा, मागचे येतात. हे मागचे येतात म्हणजे काय, ते आज समजलं.

मत्स्यविद्यार्थी

अगदी बरोबर, दादा. पुस्तकात जे सांगतात ते तुमच्याकडे जाळ्यानेच होतंय. निळे काढले की नारिंगींवरचा दाब जातो, आणि बुटक्यांतले काही नारिंगीच्या वाटेला लागतात. बुटक्यांना मोठ्या नरांपासून वेगळं ठेवलं की ते वाढ धरतात, हे टाक्यांमध्ये अनेकदा दिसलेलं आहे. म्हणजे ती पोरं मुळात खुरटी नाहीत. त्यांना कोणीतरी दाबून ठेवलेलं असतं.

तळ्याकाठी यांनी खुराकीचं विचारलं होतं. नुसतं खाद्य वाढवून हा फरक जात नाही. वाढवलेलं खाद्य तळाला कुजतं आणि पहाटेचा ऑक्सिजन खाली येतो, एवढंच हाती लागतं.

मीठमिरची

मी विकणाऱ्यांकडून घेणारी आणि रांधणारी. महाडच्या बाजारात गिऱ्हाईक निळा डेंगा बघूनच थांबतं आणि किलोला जास्त द्यायला तयार होतं. पण घरी आणून साफ करून बघा. निळ्यात डोकं आणि डेंगे यांतच अर्धं वजन जातं, कवच दगडासारखं, शेपटीचं मांस त्या मानाने थोडं. त्याच वजनाचा नारिंगी घ्या, शेपूट गुबगुबीत. मादीचीही भरलेली असते.

माझी आई निळ्यांचे डेंगे बत्त्याने फोडून त्यांचंच सार करायची, वरून त्रिफळं, आणि शेपट्या वेगळ्या सुक्या. दोन्ही चांगलं लागतं. पण तळेवाल्यांनी तोटा-नफा मांडताना हे धरावं की निळा वजनात दिसतो तेवढा ताटात उतरत नाही.

तळ्याकाठी

ताई, हे तर कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे निळ्याला जास्त दिवस सांभाळलं तर तो वाढत नाही, दुसऱ्यांना वाढू देत नाही, वर मांसही कमी. मी मात्र पहिल्या जाळ्यात चारपाच निळे मोठे होतील म्हणून परत पाण्यात सोडले होते!

आलप्पुळाहून

नोकरीमुळे सहा वर्षं केरळातल्या आलप्पुळ्यात आहे, मूळ चिपळूणचा. वेंबनाड तलाव आणि कुट्टनाड हे या कोळंबीचं मोठं घर. इथे तिला आट्टुकोंचू म्हणतात, आंध्रात नीलकंठ, बंगालमध्ये गलदा चिंगडी. नीलकंठ हे नाव त्या निळ्यावरूनच पडलेलं वाटतं मला.

इथल्या कुट्टनाडातल्या शेतांत भात निघाल्यावर पाणी भरून कोळंबी वाढवतात. केरळच्या अभ्यासकांनी इथल्या नरांचं वर्गीकरण तीनवर न थांबता आणखी बारीक केलं आहे. नारिंगीत कमी जोराचा आणि जास्त जोराचा, त्यातून निळ्याकडे वळत असलेला, मग कोवळा निळा, जोरदार निळा आणि शेवटी म्हातारा निळा. वळत असलेल्याचा डेंगा मी हातात घेऊन पाहिलाय. बुडाशी निळा उतरलेला आणि टोकाकडे अजून नारिंगी. एकदा पाहिलं की विसरत नाही.

आणखी एक. ही कोळंबी आयुष्य गोड्या पाण्यात काढते, पण तिच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, त्यांना निमखारं पाणी लागतं. अंडीवाल्या माद्या म्हणून खाडीकडे उतरतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात पेनांगला शाओ-वेन लिंग यांना ही मेख सापडली, आणि मग हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी मोठ्या प्रमाणावर बीज काढायची पद्धत बसवली. त्याआधी कोणाला तळ्यासाठी हवं तेवढं बीज करताच येत नव्हतं. इथे तण्णीरमुक्कमचा बंधारा खारं पाणी अडवतो आणि कोळंबीच्या वाटेत येतो, त्याची झळ मच्छीमार अजून सांगतात. सावित्री आणि वाशिष्ठीच्या खाड्या आठवून मला ते ऐकताना फार वाईट वाटतं.

खाडीपलीकडे

माद्यांचा मुद्दा पटला. माझ्या मिसळलेल्या खेपेत माद्यांतही दोन मापं होती, आता आठवतंय. मागचे शब्द मागे घेतो.

पण मग निळ्यांचे डेंगेच मोडून टाकले तर? भांडण संपलं. एकाने मला तसं सुचवलं होतं.

मत्स्यविद्यार्थी

कृपा करून करू नका. नांगी पुढच्या कातींत पुन्हा फुटते, म्हणजे काम टिकत नाही. हाताळताना जखमी झालेला आणि नांगी गेलेला प्राणी कात टाकताना इतरांच्या तोंडी जातो. आणि शेकड्याने नग पकडून असं करणं म्हणजे त्यांचे हालच. निळा त्रास देतोय ना, मग तो बाजारात न्या.

भांडण कमी करायचं तर लपायला जागा द्या. अमेरिकेत केंटकीमध्ये तळ्यांत उभ्या जाळ्या टांगून जागा वाढवतात, कोळंबी त्या जाळ्यांवर चढून बसते. आपल्याकडे जुनी जाळी, कौलं, पाइपचे तुकडे चालतात. नारळाच्या झावळ्या टाकल्यात तर कुजायच्या आत बदला.

दुसरं म्हणजे बीज थेट तळ्यात न सोडता दीड-दोन महिने नर्सरीत वाढवून मापाप्रमाणे वेगळं करायचं. सुरुवातीलाच काही पिल्लं उडी घेऊन पुढे गेलेली असतात. ती वेगळी आणि मागे राहिलेली वेगळी सोडली की मागच्यांच्या डोक्यावर कोणी बसत नाही.

रायगडची_लेक

शंका आहे. माद्या सगळ्या एका मापाच्या, नरांत एवढा गोंधळ. मग फक्त माद्याच का सोडत नाहीत? किंवा फक्त नर, कारण मोठे तेच होतात? असं बीज मिळतं का?

मत्स्यविद्यार्थी

दोन्ही करून पाहिलेलं आहे, ताई, आणि हे काम ऐकण्यासारखं आहे.

नराच्या अंगात एक बारीकशी ग्रंथी असते, अँड्रोजेनिक ग्रंथी. तिच्यामुळे तो नर होतो. अगदी लहानपणी ती काढून टाकली तर तोच जीव मादी बनतो, अंडी देतो. जनुकांनी मात्र तो नरच. त्यामुळे त्याचा साध्या नराशी संबंध आला की निघणारी पिल्लं झाडून सगळी नर. इस्रायलमध्ये अमीर सागी यांच्या गटाने हे आधी शस्त्रक्रियेने केलं. नंतर त्या ग्रंथीतून इन्शुलिनसारखं संप्रेरक बनवणारं जनुक ओळखलं आणि तेच काही काळ गप्प करून मादी बनवली. पुढे सगळ्या माद्यांचं बीजही काढलं.

सगळे नर सोडले तर मादीवर आणि अंड्यांवर जाणारं खाद्य वाचतं, मोठा माल निघतो. पण बुटके, नारिंगी, निळे हे खटलं तसंच राहतं, म्हणून निळे अधूनमधून काढणं आलंच. सगळ्या माद्या सोडल्या तर फार मोठं कोणी होत नाही, पण भांडण कमी, माप एकसारखं, आणि दाटीने सोडता येतं. माझं मत विचाराल तर वीस गुंठ्यांच्या तळ्याला, जिथे घरचीच माणसं जाळं मारतात, तिथे साधं मिश्र बीज आणि निळ्यांची वेळेवर काढणी एवढं पुरे आहे.

भुवनेश्वरच्या सिफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने गुजरात, केरळ आणि ओडिशाच्या कोळंबीपासून निवड करत करत जास्त वेगाने वाढणारं वाण तयार केलं आहे, सिफा-जीआय स्कॅम्पी. ते मिळालं तर नक्की घ्या. २००५च्या सुमारास देशात हा धंदा ऐन भरात होता आणि मग बसला, त्याला पांढऱ्या शेपटीचा रोग आणि खालावलेलं बीज ही मोठी कारणं होती. पण वाण कितीही चांगलं असलं तरी नरांची ही तीन रूपं त्यात असणारच. हा बीजाचा दोष नाही, एकत्र राहण्यातून येणारी गोष्ट आहे.

वैनगंगेकाठचा

ही शेवटची ओळ आमच्या संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवतो. दरवर्षी बीजावरून भांडण होतं.

तळ्याकाठी

मंडळी, दोन महिन्यांनी परत लिहितोय. उशिराबद्दल माफी.

जानेवारीच्या शेवटी पुन्हा ओढजाळ मारलं. यावेळी ताडपत्री नाही, पाण्याने भरलेले दोन टब ठेवले. निळा आला की टबात, म्हातारा असो की कोवळा. बाकी सगळं लगेच परत तळ्यात. एकूण साठएक निळे निघाले. बाजारात नेले, भाव चांगला आला. एका कोपऱ्यात जुन्या जाळीचे पडदे बांबूला बांधून उभे केले. खाद्य तेवढंच ठेवलं, वाढवलं नाही.

काल पुन्हा जाळं मारलं. पाणी आता उबदार झालंय, त्याचाही हात असेल. पण मागच्या वेळचे नारिंगी आता चांगले ८०-९०चे झालेत, त्यांतले काही निळे झालेत. आणि आलप्पुळाहून यांनी लिहिलेला तो अर्धा-अर्धा डेंगा मला मिळाला! बुडाशी निळा, टोकाला नारिंगी. मुलीला हाक मारून दाखवला.

चुऱ्याचं सांगतो. सगळा वाढला असं नाही, अजून बुटके आहेत. पण ढीग निम्म्यावर आलाय, आणि २०-२५ ग्रॅमच्या बऱ्याच जणांच्या डेंग्यांना फिकट नारिंगी झाक आली आहे. काकांनी एकाला उताणा करून माझ्या हातात दिला, पण यावेळी मी बोट लावायच्या आधीच ओळखला.

बीजवाल्याकडे गेल्या रविवारी स्वतः जाऊन आलो. फोनवर माफी मागायला मन घेईना. त्याला सगळं सांगितलं, माद्यांच्या मापाचंसुद्धा. तो म्हणाला, दरवर्षी दहा जण असाच फोन करतात, आणि त्यांना काय उत्तर द्यावं ते मला कधी सुचलं नाही. हा धागा त्याला पाठवलाय.

मत्स्यविद्यार्थी

वाचून फार बरं वाटलं. पुढच्या जाळ्याला एक करा. पन्नास नर सरळ हाताला येतील तसे घ्या, निवडू नका, आणि प्रत्येकाचं वजन व डेंग्याचा रंग लिहा. तीन जाळ्यांचं मिळालं की तुमच्या तळ्याची चाल कळेल.

तळ्याकाठी

मुलीने वही आखली आहे. रकाने चार: वजन, रंग, पाठीवर शेवाळ आहे का, आणि डेंगा तुटलेला आहे का. पुढचं जाळं पाडव्यानंतरच्या रविवारी.